बेंबीमागचा ठोका

लहानपणी पोट दुखलं की औषध नंतर, आधी आजीचा अंगठा. कुंभिवलीच्या घराच्या पडवीत, सकाळी अनशापोटी, ती मला उताणं झोपवायची, गुडघे दुमडायला सांगायची आणि बेंबीत अंगठा रोवून क्षणभर अगदी गप्प राहायची. ठोका मधोमध लागला तर पोट ठीक. जरा वर किंवा बाजूला लागला तर ‘बेंबी सरकली’. मग खोबरेल तेल, चोळणं, पायाच्या अंगठ्याला बांधलेला दोरा. तेवढ्या वेळात दुखणं बहुधा आपसूक ओसरलेलं असायचं.

वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभा राहिलो तेव्हा हे आठवलं. आतडी बाजूला सारल्यावर कण्याला टेकून सरळ खाली उतरणारी, अंगठ्याएवढी जाड, पिवळट पांढरी नळी दिसली. ती कंबरेच्या चौथ्या मणक्यासमोर दुभंगते, म्हणजे साधारण बेंबीच्याच पातळीला. आजी जो ठोका शोधायची तो हिचा, पोटातल्या महाधमनीचा. बेंबी जागेवरून सरकते ही समजूत खरी नाही, पण अंगठ्याखालचा ठोका पूर्णपणे खरा होता. बारीक अंगाच्या माणसाच्या पोटावर तो आजही कुणालाही चाचपता येईल.

हे पुस्तक त्या नळीच्या एका आजाराबद्दल आहे. ही नळी साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. ती तीन सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद झाली की वैद्यक तिला ॲन्युरिझम म्हणतं. मराठीत धमनीविस्फार. सुश्रुतसंहितेत ‘सिराज ग्रंथी’ नावाची एक गाठ सांगितली आहे आणि काही अभ्यासक तिचा संबंध रक्तवाहिन्यांच्या अशा फुगवट्यांशी जोडतात. पण पोटाच्या खोल आत, कण्याला चिकटून फुगणारी ही गाठ बाहेरून दिसत नाही आणि बहुतेकांना दुखतही नाही. वर्षाला दोन-तीन मिलिमीटर अशा चालीने ती वाढत राहते. माणूस शेतावर जातो, लग्नांना जातो, पंगतीत वाढतो आणि त्याला काही कळत नाही. फुटली तर मात्र दहांतले आठ जण दगावतात, त्यांतले कित्येक दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचायच्या आतच. आपल्याकडे अशा मरणाचं वर्णन ‘कंबरेत कळ आली, घाम फुटला आणि गेला’ एवढंच होतं आणि पुढे त्याला ‘अटॅक’ हे नाव मिळतं. गावातल्या अशा किती ‘अटॅक’च्या मागे ही नळी असेल, हा विचार मला बरीच वर्षं छळतो आहे.

अल्बर्ट आइन्स्टाईन याच आजाराने गेले. 1948च्या डिसेंबरात ब्रुकलिनमध्ये रुडॉल्फ निसेन या सर्जनने त्यांचं पोट उघडलं. फुगवटा काढून टाकण्याची सोय तेव्हा नव्हती, म्हणून त्याभोवती सेलोफेन गुंडाळलं. परक्या वस्तूला चिडून शरीर भोवती कठीण व्रणाची ऊती तयार करील आणि भिंतीला टेकू मिळेल, असा हिशोब. आइन्स्टाईन सहा वर्षांहून अधिक जगले. 1955च्या एप्रिलमध्ये फुगवटा फुटला, तेव्हा त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली आणि 18 एप्रिलला ते गेले. मधल्या काळात, 29 मार्च 1951 रोजी, पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी फुगलेला तुकडा कापून त्या जागी मृत दात्याची महाधमनी शिवली होती. 1990मध्ये ब्यूनोस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी पोट न उघडता, जांघेतल्या धमनीतून, आतल्या आत नवी नळी बसवली. आज पुरुषांमध्ये फुगवटा साडेपाच सेंटिमीटरला पोहोचला की यांपैकी एक मार्ग निवडतात. स्त्रियांमध्ये हा आजार कमी आढळतो, पण तो त्याहून लहान असतानाच फुटू शकतो, म्हणून त्यांच्यासाठी मर्यादा थोडी आधीची.

सर्जनांची ही कामगिरी मोठी आहे, तरी या पुस्तकाचा विषय ती नाही. नळी बदलता येते हे कळल्यावरही ती फुगते का, हा प्रश्न तसाच राहिला. तीन सेंटिमीटरच्या फुगवट्याला साडेपाचपर्यंत जाऊ न देणारं, तसं सिद्ध झालेलं एकही औषध आजही आपल्या हाती नाही. रुग्णाला सांगावं लागतं, ‘सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा या, मापू.’ मापण्याखेरीज त्याच्यासाठी काही करता यावं, ही या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाची तळमळ आहे आणि त्या शोधाची वाट आता चयापचयाच्या अंगणातून जाते.

चयापचय हा शब्द आपण शाळेत शिकतो आणि तिथेच विसरतो. चय म्हणजे रचणं, अपचय म्हणजे मोडणं. दोन्ही एकाच शब्दात नांदतात, कारण शरीरात ती कामं कधी वेगळी नसतात. आपण चयापचयाचं नाव घेतो ते वजन आणि साखर यांच्या संदर्भात. प्रत्यक्षात महाधमनीच्या दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या भिंतीतही दिवसरात्र रचणं आणि मोडणं चालू असतं, आणि हा आजार म्हणजे तिथला अपचय वरचढ होणं. पुस्तकाचा सगळा विस्तार या एका वाक्यातून निघाला आहे.

ही भिंत समजून घ्यायला मला आमच्या भागातलीच दोन उदाहरणं जवळची वाटतात. पहिलं खोपोलीचं. 1915पासून टाटांच्या वीजघराकडे घाटमाथ्यावरचं पाणी ज्या लोखंडी पाइपांतून उतरतं, ते आम्ही जन्मापासून पाहत आलो. पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून कोसळणाऱ्या पाण्याचा दाब ते सोसतात. त्यातून सुटलेल्या पाण्यावर पाताळगंगा बारमाही वाहते, आणि पलीकडे भिवपुरीच्या पाण्यावर कर्जतकडची दुबार भातशेती हिरवी राहते. आता आपल्या रक्तदाबाचा हिशोब करा. पारा 120 मिलिमीटर म्हणजे जेमतेम 1.6 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. पाइपाच्या तुलनेत काहीच नाही. पण पाइपातला दाब एकसारखा असतो, आणि महाधमनीला दर ठोक्यागणिक ताणून पुन्हा आवळावं लागतं. दिवसाला सुमारे एक लाख वेळा. पासष्ट वर्षांत दोनशे तीस कोटींहून जास्त वेळा. लोखंड असं वागवलं तर ते थकून तडकेल.

महाधमनी तडकत नाही, याचं कारण दुसऱ्या उदाहरणात आहे. कोकणातलं कौलारू घर घ्या. आढं आणि वासे घर बांधताना एकदाच चढवतात. कौलं मात्र दर वर्षी पावसाआधी उतरवून, फुटकी बदलून पुन्हा लावावी लागतात. ही शाकारणी चुकली की घर गळतं. महाधमनीच्या भिंतीत इलास्टिन नावाचे लवचीक तंतू आहेत. ते आढ्या-वाशांसारखे. आईच्या पोटात आणि बालपणाच्या पहिल्या काही वर्षांत ते घातले जातात, त्यानंतर जवळपास नाहीत. त्यांचं अर्धआयुष्य सुमारे सत्तर वर्षांचं मानतात, म्हणजे निसर्गाने ते एका माणसाच्या जन्माला पुरतील असेच घडवलेत. दुसरे तंतू कोलॅजेनचे, काथ्यासारखे चिवट. ते कौलांसारखे सतत बदलले जातात. आणि ही शाकारणी करणारे घरचे कारागीर म्हणजे मधल्या थरातल्या स्नायुपेशी. मूत्रपिंडांच्या खालच्या भागात इलास्टिनचे थर छातीतल्या महाधमनीपेक्षा जवळपास निम्मे असतात, भिंतीला स्वतःचं रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही तिथे विरळ. शिवाय दुभंगावर आपटून उलट येणारी दाबाची लाट. फुगवटा बहुतेक वेळा नेमका तिथेच, बेंबीच्या थोडा वर, का येतो, हे यावरून कळतं.

मोडतोड सुरू होते ती दाहक पेशींपासून. मॅक्रोफाज नावाच्या पेशी भिंतीत शिरतात आणि प्रथिनं कापणारी विकरं सोडतात. त्यांना एमएमपी म्हणतात, आणि त्यांतली नववी आणि दुसरी या भिंतीत सर्वांत कुप्रसिद्ध. इलास्टिनचे तुकडे पडतात, आणि मला सर्वांत क्रूर वाटते ती गोष्ट इथे घडते. ते तुकडेच आणखी मॅक्रोफाजना बोलावतात. मोडलेल्या वाशाचा आवाज ऐकून आणखी कुऱ्हाडी याव्यात तसं. स्नायुपेशी मरतात किंवा आपलं काम सोडून देतात. कोलॅजेन काही काळ एकटं ताण सोसतं. भिंत रुंद झाली की तिच्यावरचा ताण वाढतो, कारण ताण दाबाबरोबर त्रिज्येवरही अवलंबून असतो. ताण वाढला की ती आणखी रुंद होते.

या सगळ्यात चयापचय कुठे? पेशी काय जाळून जगतात, तिथे. निरोगी पेशी साखर प्राणवायूच्या मदतीने पूर्ण जाळते, सावकाश, कमी धुराने. चिडलेला मॅक्रोफाज तेवढा धीर धरत नाही. प्राणवायू हाताशी असूनही तो साखर अर्धवट फोडून भराभर ऊर्जा काढतो आणि लॅक्टेट बाहेर टाकतो. ओटो वारबुर्ग यांनी कर्करोगाच्या पेशींत अशी वागणूक 1920च्या दशकात पाहिली होती. दाहक पेशींतही तोच प्रकार असतो, आणि अर्धवट जळणाऱ्या या चुलीतून निघणारे पदार्थ, उदाहरणार्थ सक्सिनेट, फक्त राख नसतात. ते पेशीच्या आत ‘भडका उडव’ असा निरोप देतात, असं गेल्या पंधरा वर्षांत स्पष्ट होत गेलं. किरणोत्सारी साखर टोचून पेट स्कॅन केला तर काही रुग्णांच्या फुगवट्याची भिंत उजळून दिसते, म्हणजे ती शेजाऱ्यांपेक्षा जास्त साखर ओढते. उंदरांत साखरेचं हे घाईचं विघटन रोखल्यावर फुगवटे कमी झाले. उंदराचा फुगवटा आठवड्यांत तयार होतो आणि माणसाचा दशकांत, हा फरक विसरून चालणार नाही, तरी दिशा समजते.

स्नायुपेशींच्या बाबतीत गोष्ट उलट आहे. त्यांच्या ऊर्जा-भट्ट्या, मायटोकॉन्ड्रिया, मंदावतात. प्राणवायूपासून तयार होणारे, पेशीची नासधूस करणारे विषारी रेणू साठतात. भट्टी विझत आलेला कारागीर शाकारणी कशी करणार? त्यातच फुगवट्याच्या आतल्या बाजूला रक्ताची गुठळी थरावर थर जमते. वरवर वाटतं, गुठळीने भिंतीला टेकूच दिला. पण तिच्यामागची भिंत प्राणवायूला मुकते, आणि गुठळीत अडकलेल्या पांढऱ्या पेशी आपली विकरं तिथेच सोडत राहतात.

मग चरबी. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल आणि लायपोप्रोटीन-ए नावाचा त्याचा आनुवंशिक भाऊबंद, दोन्ही या आजाराशी जोडलेले आढळतात, आणि जनुकांवर आधारलेले अभ्यासही त्याच बाजूला बोट दाखवतात. मला त्याहून जास्त विचार करायला लावलं ते जपानमधल्या संशोधकांच्या निरीक्षणाने. फुगलेल्या महाधमनीच्या बाहेरच्या थरात, जिथे काथ्यासारखं कोलॅजेन असायला हवं, तिथे त्यांना चरबीच्या पेशी सापडल्या, आणि फुटण्याशी त्यांचा संबंध दिसला. भिंतीला रक्त कमी पडलं की तिथल्या मूळ पेशी तंतू घालायचं सोडून चरबी साठवू लागतात, असं त्यांचं म्हणणं. चय चालूच आहे, फक्त चुकीच्या वस्तूचा. कौलांच्या जागी लोणी थापल्यासारखं.

आणि धूर. या आजाराच्या कारणांत तंबाखूच्या धुराइतकं जोरकस दुसरं काही नाही. धुरातले पदार्थ विकरांना मोकाट सोडतात आणि त्यांना आवरणारी प्रथिनं निकामी करतात. फुप्फुसातलं इलास्टिन अशानेच नासतं. म्हणून पन्नास वर्षं विडी ओढून धापणारा म्हातारा मी पाहतो तेव्हा त्याच्या छातीबरोबर पोटाचाही विचार करतो. दोन ठिकाणचे वासे एकाच वाळवीने पोखरलेले असतात. आमच्याकडे मिश्री आणि चुन्यातली तंबाखूही घरोघर आहे. तिचं तोंडाच्या कर्करोगाशी नातं पक्कं आहे. पण महाधमनीच्या बाबतीत ठोस पुरावा आहे तो धुराचा, म्हणून इथे मी धुरावरच बोट ठेवतो.

इथवर गोष्ट ओळखीची वाटेल. धूर वाईट, चरबी वाईट, दाब वाईट. वाचक साहजिकच म्हणेल, मग साखरही वाईट. इथेच हे पुस्तक वेगळं वळण घेतं आणि मी ही प्रस्तावना लिहायला होकार दिला तो या वळणासाठी.

1997मध्ये अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सत्तर हजारांहून अधिक लोकांच्या पोटाची सोनोग्राफी केली होती. धूम्रपान अपेक्षेप्रमाणे पहिल्या क्रमांकावर. पण मधुमेह असलेल्यांमध्ये फुगवट्याची शक्यता जवळपास निम्मी निघाली. वाटावं, आकडेमोडीत कुठेतरी चूक आहे. मग देशोदेशी तेच दिसत गेलं. फुगवटा असलेल्या मधुमेहींमध्ये तो वाढतोही हळू. हृदयाच्या धमन्या, डोळे, मूत्रपिंडं आणि पाय यांची नासाडी करणारा आजार या एका नळीला सांभाळतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही पटायला जड गेलं.

कारण बहुधा पुन्हा त्या काथ्यात आहे. रक्तात साखर जास्त राहिली की ती कोलॅजेनच्या तंतूंना चिकटते आणि एका तंतूला दुसऱ्याशी कायमचं अडकवते. भिंत ताठर होते. ताठर भिंत हृदयाला जड जाते, मूत्रपिंडाच्या गाळणीला मारक ठरते. पण कापणाऱ्या विकरांना हे गुंतलेले पीळ सहज तोडता येत नाहीत. शिवाय भरपूर साखरेच्या सान्निध्यात मॅक्रोफाज ती विकरं कमी सोडतात, असंही दिसलं आहे. कुणी याचा अर्थ ‘थोडी साखर असलेली बरी’ असा घेऊ नये. मधुमेहाने जे हिरावून घेतलेलं मी पाहिलं आहे, बोटं, पाय, दृष्टी, त्यापुढे हा लाभ काहीच नाही.

पण प्रश्न सुटत नाही. लाभ साखरेचा की साखरेवरच्या गोळीचा? मेटफॉर्मिन ही मधुमेहाची सर्वांत साधी गोळी. पॅरिसमध्ये झां स्तेर्न यांनी तिचा माणसांवरचा वापर 1957मध्ये प्रसिद्ध केला. तिचं मूळ एका रानटी फुलझाडाच्या औषधी परंपरेत आहे, आणि आज ती खोपोलीच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात काही रुपयांत मिळते. ती घेणाऱ्या मधुमेहींचे फुगवटे न घेणाऱ्यांपेक्षा हळू वाढतात, असं अनेक निरीक्षणांत आढळलं. पेशींच्या ऊर्जेच्या हिशोबावर ती थेट काम करते, दाह शमवते, हे प्रयोगशाळेत दिसतं. म्हणून मधुमेह नसलेल्या रुग्णांवर तिची रीतसर चाचणी घ्यायचं काम निरनिराळ्या देशांत हाती घेतलं गेलं. चाचणीचा आग्रह का, याचं उत्तर डॉक्सिसायक्लिनच्या कहाणीत आहे. हे प्रतिजैविक एमएमपींना आवर घालतं, उंदरांत त्याने कमाल केली होती, सगळ्यांच्या आशा त्यावर होत्या. 2020मध्ये माणसांवरच्या दोन वर्षांच्या चाचणीचा निकाल आला. फुगवट्याच्या वाढीत काही फरक नव्हता. तेव्हा कुणी या पुस्तकातली पानं वाचून स्वतःहून मेटफॉर्मिन सुरू करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हे कोडं आपल्याला, म्हणजे मराठी वाचकाला, परक्या देशातलं वाटायला नको. ते आपलंच आहे. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात दक्षिण आशियाई वंशाची मोठी वस्ती आहे. तिथे तपासणीत गोऱ्या पुरुषांच्या तुलनेत आपल्या वंशाच्या पुरुषांमध्ये हे फुगवटे कित्येक पटींनी कमी सापडले. आणि हीच माणसं हृदयविकार आणि मधुमेह यांत आघाडीवर. यात मधुमेहाचा वाटा किती, कमी धूम्रपानाचा किती, वंशाचा किती, हे उकलणं बाकी आहे. आपल्याकडे तरुण वयात महाधमनीला येणारे फुगवटे अनेकदा क्षयासारख्या संसर्गाचे किंवा धमनीदाहाचे असतात, त्यांची गोष्ट निराळी. पण म्हातारपणीचा हा आजार भारतात नाहीच, असं समजणं धोक्याचं आहे. शोधलं नाही की सापडत नाही.

घाट चढला की पुणे. तिथे केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जे काम केलं त्याशिवाय आपल्या चयापचयाबद्दल बोलताच येणार नाही. 1993पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांना आणि पुढे त्यांच्या मुलांना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं मापलं. बाळांचं सरासरी वजन साधारण 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साधारण 3.5. हातपाय काटकुळे, स्नायू कमी, पोटाचे अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. बारीक पण चरबीदार, असं ते बाळ. 2004मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांचा आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत एक, 22.3. शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. माझ्या मते आपल्या वैद्यकाच्या इतिहासात इतकं बोलकं चित्र दुसरं नाही.

आता ही दोन सूत्रं जवळ आणून पाहा. इलास्टिनचे वासे आईच्या पोटात चढवले जातात. 1997मध्येच मार्टिन आणि ग्रीनवाल्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी असं मांडलं होतं की गर्भात वाढ खुंटली तर महाधमनीत इलास्टिन कमी पडतं, आणि पुढच्या आयुष्यात त्यातून रक्तदाब वाढत जातो. पुण्याच्या अभ्यासातल्या अनेक मातांच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी होतं, होमोसिस्टीन वाढलेलं होतं. हेच होमोसिस्टीन काही निरीक्षणांत महाधमनीच्या फुगवट्याशीही जोडलं गेलं आहे. जन्मतः कमी वासे, वरून बारीक अंगावर दडलेली चरबी, मग चाळिशीत साखर आणि त्या साखरेमुळे ताठर झालेलं कोलॅजेन. या घराच्या छपराचं साठाव्या वर्षी काय होईल, हे लेस्टरच्या आकड्यांवरून सांगता येत नाही. तिथली माणसं निराळी जगली.

कुंभिवली ते कर्जत या पट्ट्यात मला हे रोज दिसतं. उखळात कांडलेला तांदूळ गेला, पांढरा तांदूळ आला. भातखाचरं विकली गेली, त्यांवर फार्महाऊस आणि कारखाने उभे राहिले. नांगर धरणारा बाप आणि त्या कारखान्याच्या गेटवर बारा तास खुर्चीत बसणारा मुलगा, दोघांच्या शरीरांत चयापचयाची दोन युगं आहेत. मुलाला डॉक्टर साखर, कोलेस्टेरॉल, सगळं तपासायला सांगतात. बापाकडे कुणी बघत नाही. तो काटक आहे, साखर नाही, पोट सुटलेलं नाही, अजून चालत शेतावर जातो. चाळीस वर्षं विडी ओढली, एवढंच. आपल्या नेहमीच्या हिशोबात तो घरातला सर्वांत निरोगी माणूस. या पुस्तकाच्या हिशोबात आधी तपासायचा तो तोच.

तपासणी सोपी आहे. सोनोग्राफीत महाधमनीचं माप घ्यायला काही मिनिटं पुरतात. ब्रिटनमध्ये 65 ते 74 वयाच्या सुमारे 67,800 पुरुषांवर झालेल्या अभ्यासाने 2002मध्ये दाखवलं की अशा तपासणीने या आजाराचे मृत्यू लक्षणीय कमी होतात. त्यानंतर तिथे पासष्टाव्या वर्षी प्रत्येक पुरुषाला बोलावणं सुरू झालं. आपल्याकडे मशीन गावोगाव नेणं सोपं नाही, आणि त्याचं कारण रास्त आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने 1988मध्ये केला, 1994चा केंद्राचा कायदा त्यानंतर आला. मुली वाचवण्यासाठी सोनोग्राफी यंत्रावर ठेवलेला पहारा ढिला करा, असं मी कधीच म्हणणार नाही. पण दुसरी एक वाट मोकळी आहे. लघवीच्या तक्रारीसाठी, मूतखड्यासाठी, प्रोस्टेटसाठी साठीपुढचे पुरुष पोटाची सोनोग्राफी करायला कर्जतला, खोपोलीला, पनवेलला जातातच. तोच प्रोब, तोच पडदा, तेच जेल. विडी ओढणाऱ्या माणसाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘महाधमनीची रुंदी नोंदवावी’ एवढं लिहिलं तर वेगळा पैसा, वेगळं शिबिर काही लागत नाही. आणि तोवर घरातल्या कुणी म्हाताऱ्याच्या बेंबीत अंगठा रोवला आणि ठोका बोटभर नाही तर मूठभर रुंद लागला, तर कृपा करून तेल चोळू नका, त्याला आधी दवाखान्यात न्या.

पुढची पानं या सगळ्याचा नीट, सविस्तर मागोवा घेतात. मॅक्रोफाजच्या साखरेपासून आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत लेखकाने जे जमवलं आहे त्यातलं निम्मंसुद्धा मी इथे आणलेलं नाही. काही प्रकरणं जड आहेत. ती सलग वाचायची घाई करू नका. चयापचयाचा नकाशा पहिल्यांदा पाहणाऱ्याला मुंबईच्या लोकलचा नकाशा पहिल्यांदा पाहिल्यासारखं वाटतं, मग हळूहळू ओळखीची स्टेशनं दिसू लागतात.

पुण्याजवळच्या त्या सहा गावांतली बाळं आता तिशीत आहेत. त्यांची जन्माच्या वेळची मापं, त्यांच्या आयांच्या रक्तातलं बी-12, बालपणातली त्यांची साखर आणि चरबी, सगळं नोंदलेलं आहे. ती पासष्टीला पोहोचतील तेव्हा 2060च्या आसपासचं साल असेल. तेव्हा कुणीतरी त्यांच्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवील आणि बेंबीमागच्या महाधमनीची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून घेईल.